साहेबांच्या भाषणातली माझी आई

माझी आई देशातल्या पुष्कळ लोकांना माहीत आहे. तिचं नाव कोणाला ठाऊक नाही, चेहरा कोणी पाहिलेला नाही. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या एका बाईनं साहेबांना भाकरी खाऊ घातली, ही गोष्ट त्यांनी वीसेक वर्षांत इतक्या सभांमधून सांगितली की ती ऐकली नाही असा माणूस सापडणं अवघड. ते जेवण झालं तेव्हा मी तिथे होतो.

आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून खाली उतरून पाऊण तास चाललं की आमची वाडी लागते. मी नुकताच महाडच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. साहेब तेव्हा दिल्लीच्या राजकारणात नवे होते. ते आमच्या जिल्ह्याचे नव्हते, पण कोकणातल्या डोंगरवाड्यांमधून पायी फिरत होते. भर दुपारी दहा-बारा माणसांसह घामाघूम होऊन ते आमच्या ओटीवर टेकले.

आईनं तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढायला घेतली. साहेब म्हणाले, "माई, तुम्ही रोज खाता तेच द्या. नाचणीची भाकरी नाही का?"

पाहुण्याला नाचणी वाढायची आईला लाज वाटली. मागितली म्हणून तिनं केली, पण सोबत कुळथाची पिठी केली, सुकट परतली, काकडीची कोशिंबीर केली. साहेबांनी सुकट दोनदा मागून घेतली. बाबा त्यांच्या शेजारी पाटावर बसून जेवले आणि भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिले.

हात धुतल्यावर साहेबांनी विचारलं, "माई, अडचण काय आहे इथे?"

"पाऊस हाय तवर सगळं हाय," आई म्हणाली. "शिमगा झाला की झरा आटतो. मग खालच्या विहिरीवर जायचं. तासभर उतरायचं, भरल्या हंड्यानं दीड तास चढायचं."

साहेबांनी तिला हात जोडले. "तुमच्या दारात पाणी आणणं आता माझ्याकडे लागलं."

त्या क्षणी ते खोटं बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही.

त्या वर्षी टीव्हीवर त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. पोलादपूरच्या एका आईनं मला नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली, असं ते म्हणाले. वाडीत नुसता आनंद. पुढची कितीतरी वर्षं आमच्या मतदान केंद्रावर दुसऱ्या कोणाला मत पडलं तर लोक आपसात विचारायचे, कोण असेल तो? शिक्षकाला प्रचार करता येत नाही, म्हणून मी उघड झेंडा कधी धरला नाही. पण पूजेला, बारशाला वाडीत गेलो की मी बोलायचो. पाणी अजून आलं नाही असं कोणी म्हटलं की मी समजावायचो, अरे, देश केवढा आहे, एका माणसानं कुठे कुठे बघायचं? लोक माझं ऐकायचे. पोलादपुरात हार्डवेअरचं दुकान चालवणारा माझा एक वर्गमित्र साहेबांच्या पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता होता. तो मला म्हणायचा, तुझ्यामुळे तुमच्या वाडीची मला काळजीच नसते.

साहेब मोठे होत गेले, आणि गोष्टही. आधी सुकट गेली. मग पिठी गेली. मग एका भाषणात माउलीनं नुसती मीठ-भाकरी वाढली. आईला ते फार लागलं. "मीठ-भाकरी? दोनदा सुकट घेतली की त्यांनी. जगाला वाटंल, दारी आलेल्या माणसाला हिनं मीठ वाढलं."

मग आमचं चिरेबंदी जोत्याचं, कौलारू घर झोपडी झालं. तिचा मुलगा गरिबीमुळे शाळेत जाऊ शकला नाही, असंही एकदा ते म्हणाले. मी तेव्हा दहावीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवत होतो. शिक्षकांच्या खोलीत मी ते हसत हसत सांगितलं.

एका रविवारी मी वाडीत होतो. मीच घेऊन दिलेल्या टीव्हीसमोर आम्ही तिघं बसलो होतो. साहेब कुठल्याशा उत्तरेतल्या सभेत बोलत होते. "त्या विधवा माउलीच्या झोपडीत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला.

बाबा आधी हसले. "आयला, मला घालवला की रे ह्यांनी!"

आई हसली नाही. ती उठून देवापाशी गेली आणि करंड्यातलं कुंकू तिनं कपाळावर नव्यानं लावलं.

मी म्हणालो, "भाषणात होतं असं थोडं इकडचं तिकडे. लोकांच्या मनाला भिडायला पाहिजे ना."

 बाबा म्हणाले, "असंल. तू शिकलेला हायस."

दोन वर्षांनी बाबा आजारात गेले. त्याचा आणि त्या भाषणाचा काही संबंध नाही, हे मला कळतं. आईनंही कधी तसं म्हटलं नाही. पण साहेब टीव्हीवर आले की ती कामाच्या निमित्तानं मागच्या दारी जायची, आणि मी आवाज कमी करायचो.

त्यानंतर खरोखरच नळाचं काम निघालं. वाडीच्या वर टाकी बांधली, निळे पाइप आले, प्रत्येक दारात सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर तोटी बसली. शिमग्याला मुंबईहून आलेल्या पोरांनी तोटीसमोर फोटो काढले. चार दिवस पाणी आलं. पण टाकीत पाणी चढवायचं होतं ते त्याच झऱ्यातून, आणि झरा शिमग्यानंतर आटतो हे आईनं साहेबांना ओटीवरच सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आईचा फोन आला. "मी साहेबांना कदी रे फोन केला?"

"कसला फोन?"

"ते टीव्हीवर सांगतायत. माज्या दारात नळ आला, मी फोन करून रडले म्हणतायत."

तिला हसावं की रागवावं कळत नव्हतं. खरी अडचण वेगळीच झाली होती. मधल्या काही वर्षांत एप्रिलपासून घाटरस्त्यापर्यंत पाण्याचा टँकर येऊ लागला होता, तो त्या वर्षी आलाच नाही. वाडीनं अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि शिकलेला म्हणून मी तो घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो.

तिथल्या कारकुनानं फाइल काढली. "सर, तुमच्या वाडीचं काम पूर्ण दाखवलंय. नळ आहे तिथे टँकर देता येत नाही."

"नळ आहे, पाणी नाही. येऊन बघा."

"बघून काय करू? स्वतः साहेबांनी सांगितलंय भाषणात. मी कोण त्यांना खोटं ठरवणारा?"

"मग मी खोटं बोलतोय का?"

"तसं मी कुठे म्हटलं, सर?" तो ओशाळून म्हणाला आणि अर्जावर शिक्का मारून त्यानं तो ट्रेमध्ये ठेवला.

जिना उतरताना मला पहिल्यांदा नीट कळलं की काय झालंय. नळ नव्हता तेव्हा निदान पाणी नाही असं म्हणता तरी येत होतं. आता तेही राहिलं नव्हतं. त्या वर्षी पासष्ट वर्षांची माझी आई पुन्हा खालच्या विहिरीवर गेली. महाडला माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणाली, "गुरं कोणाच्या गळ्यात बांधू?"

निवडणूक आली तशी महाडला साहेबांची सभा ठरली. कार्यकर्ता मित्र धावत माझ्या घरी आला. "तुझ्या आईला स्टेजवर आणायचं. साहेब पाया पडतील. सगळा देश बघेल."

मला नको होतं. पण आई लगेच तयार झाली. फोनवर मला म्हणाली, "त्यांना म्हाईत नसंल रे. खालची माणसं सांगत नसतील. एकदा तोंडावर सांगते, नळाला पाणी नाय म्हणून. त्यांनी माज्या हातचं खाल्लंय."

सभेच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती दोन तास आधीच माझ्यासोबत मैदानावर पोहोचली. मित्रानं आम्हाला स्टेजच्या मागच्या तंबूत नेलं. तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेला, बाहेरून आलेला एक तरुण अधिकारी यादी तपासत होता.

"ह्याच त्या," मित्र अभिमानानं म्हणाला. "भाकरीच्या माउली."

त्या माणसानं आईकडे पाहिलं, मग मित्राकडे. "त्या तर वारल्या ना?"

 त्यानं फोनवर काही शोधलं आणि मित्राला बाजूला घेऊन दाखवलं. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका सभेत साहेबांनी सांगितलं होतं की त्या माउलीनं मरताना मला आशीर्वाद दिला. आमच्यापर्यंत ते पोहोचलंच नव्हतं.

तो माणूस उद्धट नव्हता. त्यानं आईला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. मग वाकून म्हणाला, "मावशी, असं करूया. तुम्ही त्यांची बहीण म्हणून बसा. साहेब नमस्कार करतील, फोटो होईल, काही अडचण नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मी माजी बहीण कशी होईन रे?"

 ती त्या माणसाला म्हणाली, "साहेबांना सांगा, मी जिती हाय. दोन शबूद बोलायचं हाय."

"मावशी, वेळ नाही हो तेवढा."

मित्र मान खाली घालून तंबूच्या दोरीची गाठ बघत होता. मी आईचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. मी गाडीकडे निघालो, तर ती म्हणाली, "थांब. काय बोलतात ते ऐकू."

आम्ही मैदानाच्या मागच्या कडेला, बायकांच्या घोळक्यात उभे राहिलो. साहेब आले, बोलले, आणि शेवटी त्या गोष्टीवर आले. "याच डोंगरातली ती माउली आज आपल्यात नाही," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. सगळं मैदान शांत झालं. टोप्या उतरल्या. माझी आई त्या शांततेत ताठ उभी होती. शेजारची एक बाई पदरानं डोळे पुसत होती. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नको गो," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर पोलादपूर आलं. तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, त्यांना म्हाईत नसंल."

मतदानाला मित्रानं वाडीतल्या म्हाताऱ्यांसाठी घाटरस्त्यावर जीप पाठवली होती. आई तिच्यात बसली नाही, चालत गेली. सभेतली हकिगत तोवर घरोघर पोहोचली होती. मी कोणाला काही समजावलं नाही, आणि मला कोणी काही विचारलंही नाही. निकालात साहेबांचा उमेदवार निवडून आला, पण आमच्या केंद्रावर तो पहिल्यांदाच मागे पडला.

आठवड्यानं मित्र वाडीत आला. मी तिथेच होतो. तो ओटीवर बसला, आईनं त्याला चहा दिला.

"काकी, वाडी फोडली कोणी?" त्यानं विचारलं.

"कोणी नाय."

"पाण्यासाठीच ना? पुढच्या वर्षी नक्की आणतो, शब्द देतो."

"पाणी नव्हतं तवा पण मत तुमालाच देत होतो की आमी," आई म्हणाली. "तवा आमी जिते होतो."

त्यानं चहा संपवला. मी त्याला घाटरस्त्यापर्यंत सोडायला गेलो. चढ चढून वर आल्यावर मोटारसायकलला किक मारायच्या आधी तो थांबला.

"तू कोणाला दिलंस?"

"तुमच्या माणसाला नाही."

"तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं."

त्यानं किक मारली. हल्ली महाडच्या बाजारात तो कधी समोरून येतो. तो हात वर करतो, मीही करतो. थांबत मात्र कोणी नाही.