सालगिऱ्याच्या गाण्याला आरतीची चाल

गावात अजून सांगतात की मास्तरांनी ते मुद्दाम केलं. भर जलशात, साहेब लोकांच्या तोंडावर, पोरींना ललकारी द्यायला शिकवलं म्हणे. त्यापायी त्यांचा सत्कार झाला, शाल-नारळ झाला. साफ खोटं आहे. मास्तर असल्या धाडसाचे नव्हतेच मुळी. भित्रे होते बिचारे. भित्रा माणूसही चांगला असू शकतो, एवढी अक्कल या लोकांना कुठली! खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण केलं ते मी.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. मुदखेडला आमची मुलींची शाळा म्हणजे एक लांबट खोली. चौथी जमातीपर्यंत मंजुरी होती. पाचवी काढायची तर नांदेडहून कागद यायला हवा, आणि तो दोन वर्षं येत नव्हता. त्या वर्षी चौथीत सगळ्यांत मोठी मी. वडिलांनी चाकूरचं स्थळ बघून ठेवलं होतं, मुलगा बिजवर, घरचं दुकान. आई हटून बसली होती. शेवटी दोघांचं ठरलं की पाचवी निघाली तर पोरगी शिकेल, नाही निघाली तर वैशाखात उजवून टाकायची. मी हे दाराआडून ऐकलं. मला शिकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात शाळा तपासायला नांदेडचे साहेब आले. मास्तरांना म्हणाले, "सालगिऱ्याला शाळाशाळांच्या गाण्यांचा मुकाबला आहे. तुमच्या मुलींचं गाणं मोठ्या साहेबांना पसंत पडलं, तर त्याच दिवशी तुमच्या कागदावर सही घेऊन देतो." सालगिरा म्हणजे निजामाचा वाढदिवस. मास्तरांनी दोन्ही हात जोडले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "आता तुझ्या गळ्यावर हाय बघ सगळं."

गाणं उर्दूतलं होतं, हुजूरांना उदंड आयुष्य मागणारं. चाल ज्या त्या शाळेनं आपली लावायची. उर्दू शिकवणारे मौलवी साहेब आमचे उच्चार घासूनपुसून घ्यायचे, फार मायेचा माणूस. मास्तर पेटीवर बसायचे. पण आठ दिवस झाले तरी गाणं आमच्या तोंडात बसेना. निम्म्या पोरींना शब्दांचा अर्थ कळत नव्हता, उरलेल्यांना सूर सापडत नव्हता. मास्तर कावले. "अगं, मेल्यागत काऊन गाऊन राहिल्या?" म्हणून पेटी धाडकन मिटली.

मग सोमवार आला. महादेवाच्या देवळात आम्ही पोरी आरती म्हणत होतो, लहानपणापासून म्हणायचो तशी, गळा सोडून. मास्तर खांबाला टेकून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते उर्दू शब्द आरतीच्या चालीवर घालून पाहिले. चपखल बसले! माय माय, काय आवाज लागला आमचा! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शाळेच्या खोलीत त्या दिवसांत जागेच्या मालकानं सरकी भरली होती, म्हणून तालीम देवळाच्या मंडपात व्हायची. मौलवी साहेबांची लेकही आमच्यात होती. ती पायरीवर बसून गायची. दिवेलागणीला आमचं गाणं संपायचं, की पुजारी घंटा वाजवायचा, की त्याच चालीवर लगेच आरती. आणि आरती संपली की एकानं 'नमः पार्वतीपते' म्हणायचं, बाकीच्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. माझा आवाज मोठा, म्हणून पहिलं म्हणणं माझ्याकडं. दोन महिने रोज हेच.

मौलवी साहेबांचं घर देवळाला लागूनच. ते एकदा मास्तरांना म्हणाले होते, "चाल सुरेख आहे, पण ही मी रोज माझ्या अंगणात ऐकतो. दुसरी नाही का जमणार?" मास्तर म्हणाले, "साहेब, आता वेळ कुठाय?" तेवढ्यावर ते राहिलं.

सालगिऱ्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. बावीस पोरी, सगळ्यांच्या वेण्या चापूनचोपून. मास्तरांनी प्रत्येकीच्या हातावर खडीसाखर ठेवली. हवा मात्र बरी नव्हती. गावोगाव मारामाऱ्या चालल्या होत्या, लोक एकमेकांकडं बघायला भीत होते. शामियान्याच्या कडेनं खाकी कपड्यांतली माणसं बंदुका घेऊन उभी होती. पुढं कोचावर मोठे साहेब, जिल्ह्याचे मालकच म्हणा ना.

आम्ही गायलो. इतकं चांगलं आम्ही कधीच गायलो नव्हतो, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मोठे साहेब गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते. आमचे तपासनीस साहेब मास्तरांकडं बघून हसले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला. तिथं आमचा कागद होता. मी तो हात बघितला. मनात म्हटलं, झालं, निघाली पाचवी.

शेवटची ओळ लांबवून सोडली. पेटी थांबली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत माझं तोंड आपोआप उघडलं.

"नमः पार्वतीपते!"

"हर हर महादेव!" बाकीच्या एकवीस पोरींनी एका दमात. मौलवी साहेबांच्या लेकीचा आवाज तर सगळ्यांच्या वर.

कोच सरकल्याचा आवाज आला. हुजूरांच्या जलशात हुजूरांखेरीज दुसऱ्या कुणाचा जयजयकार, आणि तोही हा! बंदुकवाले पुढं आले. कुणीतरी ओरडलं, "किसने शुरू किया?" मौलवी साहेब धावत आले, हात जोडून म्हणाले, "हुजूर, बच्चियाँ हैं, आदत से निकल गया." त्यांना बाजूला ढकललं. पुन्हा तोच सवाल. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. मास्तर माझ्या शेजारीच पेटीवर होते. कोण बोललं ते त्यांच्याइतकं जवळून कुणी ऐकलं नव्हतं. त्यांचा हात अजून भात्यावरच होता आणि पेटीतून बारीक सूर निघत होता.

"मैंने सिखाया, हुजूर," मास्तर म्हणाले.

दोघांनी त्यांना दंडाला धरून शामियान्यामागं नेलं. पहिला फटका आम्ही ऐकला. मग मौलवी साहेबांनी आम्हाला गोळा केलं आणि गाडीत बसवलं.

आठ दिवसांत शाळेला कुलूप लागलं. वैशाखात मला चाकूरला दिलं. मास्तर नांदेडच्या तुरुंगात होते, ते निजामाचं राज्य बुडालं तेव्हा सुटले. जबडा एका बाजूला सरकलेला. बोललेलं कळायचं, पण सूर लागायचा नाही. पेटी त्यांनी विकून टाकली.

सत्कार झाला तेव्हा मी माहेरी आले होते, कडेवर पोर घेऊन. भाषणं झाली. मास्तरांनी कसं पोरींना निर्भय केलं, कसं मुद्दाम ते गाणं त्या चालीवर बांधलं, असं वक्ते सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मास्तर मान खाली घालून बसले होते. गर्दी सरल्यावर मी जवळ गेले. "मास्तर, त्या दिवशी..." एवढंच मी म्हणाले.

त्यांनी हातानं थांबवलं. पोराच्या गालाला बोट लावलं. मग विचारलं, "सासरच्यांनी पुढं शिकवलं का गं?"

"न्हाई, मास्तर."

"बरं," ते म्हणाले आणि गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

एवढं सांगितलं, तर उरलेलंही सांगते. त्या सालगिऱ्याच्या दिवशी घरी आले तेव्हा आईनं मला दारातच धरलं. "कुणी म्हटलं गं ते? तू न्हाई ना?" मागं वडील उभे होते. मी म्हटलं, "मास्तरांनी आम्हाला तसंच म्हणायला शिकवलं होतं." आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गावाला. इतकी वर्षं मी या गावाला खोटारडं म्हणत आले, पण त्यांनी माझंच ऐकलं होतं.