ओट्यावरचा जावई

बदलापूर पश्चिमेला एखाद्या घरी चहाला बसलात आणि आत कुकरची शिट्टी झाली, तर महिपती शेलार तिथे आहे की नाही हे लगेच कळतं. बाकीचे लोक बिस्किट बुडवतात. महिपती बिस्किट हवेतच धरून कान टवकारतो आणि म्हणतो, "वहिनी, रिंग बदला. वाफ बाजूनं चोरीला जातेय." वहिनी कितीही ओळखीची असली तरी तिला हे आवडत नाही. त्यातून रिंग खरोखरच गेलेली असते, त्यामुळे तर मुळीच आवडत नाही.

त्याचाही इलाज नाही. महिपतीची सगळी नोकरी वाफेत गेली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात तो बॉयलर अटेंडंट होता. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये आहे, लग्नाच्या फोटोच्या वर. खाली नाही, वर. आलेल्या पाहुण्याला हे विठा, म्हणजे त्याची बायको, मुद्दाम दाखवते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. बॉयलर काही दिला नाही. तेव्हापासून हा माणूस जरा हरवल्यासारखाच झाला. सकाळी गीझरखाली उगाच उभा राहून त्याची घरघर ऐकायचा. त्याला आयुष्यात दाब पाहिजे होता, आणि घरात दाब होता तो फक्त विठाचा.

असल्या माणसाला उल्हासनगरला एकट्याला पाठवू नये. विठानं पाठवलं, पंख्याचा कंडेन्सर आणायला. तिथं भूपेशच्या दुकानात काउंटरवर एक चौकोनी, काचेच्या दाराची पेटी बसलेली होती.

"बघा तर, साईं," भूपेश म्हणाला. "स्टीमवाला ओव्हन. ही टाकी, पाणी भरा, अंदर भाप तयार. डेमोचा पीस आहे, म्हणून डब्बा नाही, बुक नाही. बाकी एकदम करंट माल."

"प्रेशर किती?" महिपतीनं विचारलं.

भूपेशनं आजवर टीव्हीपासून तंदूरपर्यंत सगळं विकलं होतं, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला किती पाहिजे, साईं?"

महिपती रिक्षातून घरी आला तो पेटी मांडीवर घेऊन. कंडेन्सर राहूनच गेला.

"हा काय करतो?" विठानं दारातच विचारलं.

"वाफ."

"आणि कुकर काय करतो?"

"अगं, ह्याला काच आहे. आतली वाफ दिसते."

"म्हणजे आता तुम्ही ओट्यासमोर खुर्ची टाकून बसणार."

बसला. पेटी ओट्याच्या मधोमध आली आणि मिक्सर बिचारा कपाटावर चढला. पेटी जरा काही झालं की पीं पीं करायची, पडद्यावर थेंबाचं चित्र दाखवून पाणी मागायची, आणि पाणी मिळालं की घशात घोटघोट आवाज काढायची. विठानं चार दिवस हे कौतुक पाहिलं आणि पेटीचं नाव ठेवलं जावई. "आपल्याला मुलगी नाही," ती शेजारणींना सांगायची, "पण जावई आलाय. ओट्यावर बसलाय. हलत नाही."

खोटं कशाला बोला, जावई पहिले काही महिने फार गुणाचा निघाला. इडल्या, अळूच्या वड्या, सगळं कसं लुसलुशीत. विठासुद्धा कुणी नसताना त्याच्या काचेवरून फडकं फिरवायची. महिपती तर हवेतच होता, आणि त्या हवेतच त्याच्या हातून ते झालं, ज्यामुळं पुढचं सगळं रामायण घडलं.

त्याचा धाकटा भाऊ हरिचंद्र बायको यशोधरासोबत चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. तो एका रविवारी मशीन पाहायला आला. विठा बाजारात गेली होती. महिपतीनं माळ्यावरून आईचं पितळी मोदकपात्र काढलं, ते परातीएवढं मोठं, झाकणावर आईचं नाव कोरलेलं, आणि भावाच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. यशोधराला दे. आमच्याकडे आता मशीन आहे." हरिचंद्र चहाला थांबला नाही. दादाचं मन बदलायच्या आत लिफ्ट गाठायची होती.

विठा परत आली, माळ्यावरची मोकळी जागा तिला दिसली. त्यानंतर बरेच दिवस जावयाशी फक्त महिपती बोलत होता आणि महिपतीशी फक्त जावई.

हे दोघांत राहिलं असतं तर निभावलं असतं. पण यशोधरानं पात्र चिंचेनं घासून त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि जांभूळ गावाहून भागीरथी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे दोघा भावांची थोरली बहीण. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती भावांसाठी उपास धरते आणि पंचमीला महिपतीकडे येऊन आईच्या पात्रातल्या पातोळ्या खाऊन सोडते. पातोळ्या म्हणजे हळदीच्या पानावर तांदळाची उकड थापून, आत गूळ-खोबरं घालून वाफवलेल्या. आई गेल्यापासून हा रिवाज कधी मोडला नव्हता, आणि आक्का थोरल्याकडे येते म्हणूनच महिपती थोरला होता. नाहीतर टॉवर, गाडी, सगळं धाकट्याकडं.

"अरे महिपत्या, आईचं पात्र हरीकडं गेलं?"

"गेलं नाही आक्का, मी दिलं."

"बरं. मग मीपण पंचमीला हरीकडंच जाते."

"असं काय करतेस? आपल्याकडे स्टीम ओव्हन आहे."

"ओव्हन म्हणजे केक भाजतात तोच ना? पंचमीला चिरलेलं, तळलेलं, भाजलेलं चालत नाही. विसरलास काय?"

"अगं, हा उकडतो."

"नुसता उकडतो?"

महिपती सरळ माणूस. "तसा दोन्ही करतो," तो म्हणाला, आणि तिथंच फसला.

"दोन्ही करणाऱ्यावर माझा भरवसा नाही," आक्का म्हणाली. "येते मी. माझ्या डोळ्यांनी बघीन. उकडला तर तुझ्याकडं जेवीन. भाजला तर उठून हरीकडं."

संध्याकाळी हरिचंद्राचा फोन. "दादा, यशोधराला पातोळ्या जास्तच करायला सांगितल्यात. वेळ आली तर तुम्ही दोघंपण या." विठानं हे स्पीकरवर ऐकलं आणि फोन ठेवल्यावर शांतपणे सांगितलं, "आक्का ह्या दारातून उपाशी गेल्या, तर जावई आणि सासरा दोघांनाही भूपेशकडे परत पाठवीन. डब्बा नसला तरी चालेल."

आता महिपतीनं खरं म्हणजे काहीच करायला नको होतं. मशीन धडधाकट होतं. पण बॉयलरवाल्याला मोठ्या दिवसाआधी तपासणी केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यानं दार उघडून आत टॉर्च मारला. तळाला पांढरा थर. सोसायटीचं पाणी थोडं नळाचं, थोडं बोअरचं, त्याचा क्षार बसला होता. दुसऱ्या कुणी फडक्यानं पुसला असता. महिपतीला मात्र आपल्या घराण्याला डाग लागल्यासारखं झालं. कारखान्यात त्याच्या बॉयलरला कधी असा थर बसू दिला नव्हता त्यानं.

त्यानं लिंबूसत्त्व पाण्यात घालून मशीन चालवलं, धुतलं, लख्ख केलं. इथवर ठीक. मग त्यानं शपथ घेतली की ह्यापुढं जावयाला सोसायटीचं पाणी नाही. खालच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणले. ज्यात क्षाराचा कणही नाही असं पाणी. टाकी काठोकाठ भरली, चार पातोळ्या रंगीत तालमीला ठेवल्या आणि बटण दाबलं.

पीं पीं पीं. थेंबाचं चित्र. पाणी भरा.

टाकी काढली, पाहिली, भरलेलीच. परत लावली. पीं पीं पीं. असं बराच वेळ रडून जावयानं वाफेचा नाद सोडला आणि कोरड्या गरम हवेवर काम सुरू केलं. बाहेर आल्या तेव्हा हळदीची पानं काळी होती आणि पातोळ्या जुन्या चपलेसारख्या टोकांना वळलेल्या.

"भाजल्या," विठा म्हणाली.

महिपतीचा संशय गेला लिंबूसत्त्वावर. आंबटानं आतलं काहीतरी खाल्लं असणार. मग त्यानं नळीत फुंकून पाहिलं, रबर काढून धुतलं, मशीन उलटं करून झटकलं, कान लावून ऐकलं. प्रत्येक खटाटोपानंतर टाकीत पुन्हा तेच निर्मळ पाणी. शेवटी भूपेशला फोन लावला.

"ऑफ करून ऑन करा, साईं."

"केलं."

"मग आता ऑन करून ऑफ करा. थोडं थंड होऊ द्या. आणि पाणी चांगलं टाका. पाणी खराब असेल."

पाणी खराब. हे शब्द महिपतीला लागले. गॅरेजवाल्यानं कॅनमध्ये नळाचं मिसळलं असेल, असं त्याला वाटलं. तो तडक अंबरनाथला गेला आणि ओळखीच्या केमिकलवाल्याकडून प्रयोगशाळेत वापरतात ते, त्याहून शुद्ध पाणी घेऊन आला. जावई त्याहून जोरात पींपीं करायला लागला, असं विठा सांगते. अर्थात तिचं सगळंच खरं धरायचं नाही.

पंचमीची सकाळ उजाडली. आक्का रिक्षातून उतरली ती एक जड पिशवी सांभाळत. जांभूळहून येताना वाटेत चिखलोलीला उतरून तिनं यशोधराकडून आईचं पात्र मागून घेतलं होतं. "मी जिथं जेवीन तिथं हे राहील," तिनं सांगून टाकलं आणि पिशवी मांडीवर घेऊन थेट महिपतीच्या खुर्चीत, ओट्यासमोर बसली. बाजूला तिची पाण्याची बाटली. बदलापूरच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ती गावच्या विहिरीचं पाणी बरोबर आणते.

विठानं पातोळ्यांचा जाळीचा ट्रे आत सरकवला. नवऱ्याकडे एक नजर टाकली. महिपतीनं ती चुकवून बटण दाबलं.

पीं पीं पीं.

"काय म्हणतोय यो?" आक्कानं विचारलं.

"पाणी मागतोय," विठा म्हणाली.

"मग द्या की."

"भरलंय आक्का," महिपती म्हणाला. "काठोकाठ आहे. एकदम शुद्ध पाणी."

"मग मागतो कशाला?"

"जावई आहे," विठा म्हणाली. "दिलेलं पसंत नसेल."

आक्का उठली. कपाटाचा खण ओढावा तशी तिनं टाकी ओढली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला चव कुठाय? असलं पाणी दारात आलेल्या गाईला पण देत नाहीत." महिपती पुढं होईपर्यंत अर्धी टाकी मोरीत रिकामी झाली होती आणि आक्का आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतत होती.

"आक्का, विहिरीचं नको, त्यात क्षार..."

"गप. लाव मागं."

महिपतीनं टाकी लावली. थेंबाचं चित्र गेलं. जावयाच्या घशात घोटघोट झालं. मग हळूहळू काच आतून पांढरी झाली, तिच्यावर थेंब जमले, थेंबांच्या धारा झाल्या, आणि हळदीच्या पानांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. आक्का काचेला नाक लावून पाहत होती.

"घाम आला ह्याला," ती म्हणाली. "भाजणाऱ्याला असा घाम येत नाही. उकडतोय."

महिपतीचे डोळे भरून आले, असं आक्का आजही गावात सांगते. बहिणीची माया, म्हणते. डोळे खरंच कसेसे झाले होते, पण त्यात बहीण नव्हती, बॉयलर होता. कारखान्यात पाणी कमी झाल्याची घंटा वाजवणाऱ्या त्या दोन सळ्या त्याला आठवल्या. सळ्या पाण्यात बुडालेल्या असतात, पाण्यातल्या क्षारांतून वीज ह्या सळीतून त्या सळीत जाते, तेव्हा यंत्राला कळतं की पाणी आहे. क्षार नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर यंत्राच्या लेखी पाणीच नाही. नव्या अटेंडंटला हा धडा पहिल्या दिवशी कोण द्यायचं? महिपती शेलार. जावयाच्या पोटातही तशाच सळ्या, आणि त्यानंच जावयाला इतकं शुद्ध पाणी पाजलं होतं, की त्याला ते दिसेचना.

"काय झालं होतं हो त्याला?" विठानं विचारलं.

"कॉन्टॅक्ट लूज होता."

"कुणाचा?"

महिपती पानावरची पातोळी सोडवण्यात गुंग झाला.

आक्का पोटभर जेवली. फोन करून तिनं हरिचंद्र आणि यशोधरालाही बोलावून घेतलं. हरिचंद्रानं पातोळी खाऊन म्हटलं, "दादा, मऊ झालीय," आणि पुन्हा वाढून घेतली. निघताना आक्कानं पिशवीतून आईचं पात्र काढलं आणि ओट्यावर मशीनच्या शेजारी मांडलं. "आजेसासू बसवलीय बाजूला," ती विठाला म्हणाली. "आता नीट वागेल तो."

इथं गोष्ट संपली असती. पण आक्कानं दारातून मागं वळून म्हटलं, "महिपत्या, त्याला आपल्या विहिरीचंच पाणी लागतं. येत जा कॅन घेऊन."

आता काय बोलणार? नळाचं पाणीही चाललं असतं हे सांगायचं, तर नळाचं कुणी बंद केलं होतं तेही सांगावं लागलं असतं. तेव्हापासून दर रविवारी महिपती स्कूटरला कॅन बांधून जांभूळला जातो. आक्का त्याला ओटीवर बसवते, जेवायला घालते, सगळ्या गावाच्या भानगडी ऐकवते आणि कॅन स्वतः भरून देते. धाकटा भाऊ काही दर रविवारी येत नाही, हे ती शेजारपाजारी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते.

कॅन घरी आला की विठा म्हणते, "ठेवा तिथं." मग महिपती आंघोळीला गेला की ती जावयाची टाकी सोसायटीच्या नळाखाली धरते आणि विहिरीच्या पाण्याचा चहा टाकते. चहा फार चांगला होतो. महिपतीही दोन कप पितो, जावयाकडे पाहतो आणि कॉन्टॅक्टचं नाव काढत नाही.