सुपडूच्या सायकलीला हिरवा रंग

"इले असा रंग दे भाऊ, का सुपडूनी मायले वळखू येवाले नको," नाना म्हणाले. सायकल माझ्या दुकानाच्या फळीला टेकवून ते पायरीवर बसले.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं तिसरं-चौथं वर्ष असेल. जळगावात माझं सायकलचं दुकान. नवा माल येणं बंद झालं होतं, त्यामुळे जुन्या सायकली रंगवून विकणं हाच धंदा उरला होता. घास, रंगव, वाळव, वीक. मला त्याचा वीट आला होता. पाठ धरायची, नखांतला रंग जेवतानाही जायचा नाही. येणाऱ्या प्रत्येकाला आपली सायकल नवी दिसायला हवी असे. नानांना ती नवी दिसली नाही तरी चाललं असतं. त्यांना ती फक्त वेगळी दिसायला हवी होती.

नाना गिरणाकाठच्या एका गावचे शेतकरी. त्यांचा एकुलता मुलगा सुपडू याच सायकलीवरून जळगावच्या कापसाच्या जिनात तोलाईच्या कामाला यायचा. पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. सायकल ओसरीत उभी होती, आणि तिच्याकडे तोंड करून बसलेली त्याची आई उठायला तयार नव्हती.

"ती जेवस नही. इले दूर वीक. आपला गावकडे दिसाले नको," नाना म्हणाले.

काम समजायला सोपं होतं. काळी सायकल हिरवी करायची आणि लांब द्यायची. मी जुना रंग काचेच्या तुकड्यानं खरवडला, रॉकेलनं पुसला, वर पॉलिश पेपर मारला. सीटखालच्या नळीवर सुपडूनं खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. त्यात लांबी भरली. लांबी म्हणजे खाचा बुजवायचा पांढरा लगदा. वाळला की घासून सपाट करायचा. ते नाव बुजवताना मला बरं वाटलं नाही. पण कामच ते होतं.

रंग देणं हा जळगावात हंगामाप्रमाणे करायचा उद्योग. दिवाळीनंतर जिनं सुरू झाली की हवेत रुईचे तंतू तरंगतात, आणि ओल्या रंगावर बसले की सायकलीला लव फुटते. म्हणून मी जिनाचा भोंगा व्हायच्या आत, जमिनीवर पाणी शिंपडून, रंगाचा हात मारायचो. तीन सकाळी गेल्या. हँडल बदललं, घंटी बदलली, सीट बदलली. मडगार्डवर पिवळी रेघ ओढली. नाना पाहायला आले आणि आपल्याच सायकलीशेजारून पुढे निघून गेले. मला वाटलं, जिंकलो.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ते त्याच्यामुळे. त्यात बारीक खटके असतात, आम्ही त्यांना कुत्रे म्हणतो, ते आतल्या दात्यांवरून घसरताना कटकट वाजतात. सुपडूच्या फ्रीव्हीलचा आतला एक दाता तुटलेला होता. कट कट कट, मध्येच गप्प, पुन्हा कट कट. मी ते ऐकलं होतं. पण चालण्यात खोट नव्हती आणि दुसरं फ्रीव्हील मिळत नव्हतं. तसंच बसवलं.

गिऱ्हाईकही मनासारखं मिळालं. धुळ्याचे एक व्हॅक्सिनेटर, म्हणजे गावोगाव जाऊन पोरांना देवीची लस टोचणारे सरकारी नोकर. भाऊसाहेब म्हणत त्यांना; लग्नाला जळगावी आले होते. सायकल सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवून ते धुळ्याला घेऊन गेले. सुपडूची सायकल दोन नद्यांपलीकडे गेली म्हणून मी नानांना निरोपही धाडला.

सरकारी माणसाची बदली होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चार महिन्यांनी भाऊसाहेब त्याच हिरव्या सायकलीवर माझ्या दारात उभे.

"मिस्त्री, बदली झाली. आता गिरणाकाठची गावं माझ्याकडे."

मी कपाळाला हात लावला. त्यांना काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत नाना आले. रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"रंग नही वळखा तिनी. आवाज वळखा," ते म्हणाले.

त्यांचं घर गावाच्या उतारावर. तिथे आलं की कुणीही पायडल थांबवतो आणि फ्रीव्हील वाजायला लागतं. सुपडू यायचा तेव्हा आई त्या आवाजावर पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची. आता ती भाऊसाहेबांसाठी येत होती. ते उतरायचे, पाणी प्यायचे, ती म्हणेल तेवढा वेळ बसायचे.

"लोक हासतस. तिले येड लागी जाई. तो आवाज काढी टाक, भाऊ," नाना म्हणाले.

नशीबच म्हणायचं, एका मोडक्या सायकलीचं चांगलं फ्रीव्हील तेव्हा माझ्या डब्यात होतं. भाऊसाहेबांना निरोप दिला. त्यांनी बाजाराच्या दिवशी सायकल आणून सोडली आणि कचेरीत गेले. मी चाक काढलं. फ्रीव्हील ढिलं करायला घेतलं, तोच नाना दुकानात आले आणि त्यांच्या मागे अक्का, सुपडूची आई. ही सायकल सुपडूचीच आणि आज तिचा आवाज निघणार, हे नानांनी तिला बाजारात सांगून टाकलं होतं.

ती कधी दुकानात शिरली नव्हती. उभ्या उभ्या तिनं सायकलीवरून हात फिरवला, सीटखाली, बरोबर जिथे नाव होतं तिथे.

"तू रंग, घंटी, बठ्ठं बदली टाकं," ती मला म्हणाली. "तेवढा आवाज राहू दे, भाऊ."

"अक्का, त्यानं तुम्हालाच त्रास होतो ना?"

"व्हस," ती म्हणाली. "पन तेवढी घडीभर मी दारमा जास."

पायरीवर बसून नानांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. मला गिऱ्हाईक कोण, मालक कोण, काही कळेनासं झालं. मी ते दुसरं फ्रीव्हील डब्यात टाकलं आणि जुनंच घट्ट केलं.

संध्याकाळी भाऊसाहेबांना सांगितलं, "ते काही बसेना. दुसरं येईपर्यंत असंच वापरा."

"लढाई चालू आहे. काय करणार," ते म्हणाले.

पुढे दर ओव्हरहॉलिंगला ते विचारायचे, "आलं का फ्रीव्हील?" मी म्हणायचो, "नाही." लढाई संपली. माल सुटला. माझ्या दुकानात दर्शनी तारेला कोरी करकरीत फ्रीव्हीलं लटकायला लागली. भाऊसाहेब त्यांच्याखाली उभे राहिले, वर पाहिलं, आणि विचारलं, "आलं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी मला कळलं की माझं खोटं त्यांना ठाऊक आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एका सकाळी ते आले. सायकल हातात धरून, चालत.

"मिस्त्री, आता बसवा. उतारावर तांब्या घेऊन कुणी येत नाही."

मी तारेवरचं एक फ्रीव्हील काढलं, बसवलं, चाक फिरवलं. एकसारखं वाजलं, कुठेही अडलं नाही. भाऊसाहेब खाली मान घालून ऐकत होते.

"उतार आला की मी मुद्दाम पायडल थांबवायचो," ते म्हणाले. "कधीकधी घाईत असलो तरी."

मग टांग टाकून निघाले. रस्त्याला लागल्यावर पायडल मारतच राहिले.

रंगाच्या कामात माझा हात बरा आहे असं लोक म्हणतात. त्या सायकलीवरचा माझा रंग चार वर्षं टिकला, आणि जिच्यासाठी दिला तिला तो एक दिवसही फसवू शकला नाही. तेव्हापासून कुणी सायकल रंगवायला आणली की मी आधी चाक फिरवून ऐकतो, आणि मग विचारतो, घरी कोण कोण आहे.