फळीवर ठेवलेला खोकडांचा कायदा

मला अरबी वाचता येतं, पण समजत नाही. ही गोष्ट आमच्या मोहल्ल्याबाहेरच्या माणसाला पटवणं महाकठीण आहे. रत्नागिरीच्या खाडीकाठी आम्ही सगळे असेच शिकलो. सकाळी शाळेआधी मदरशात जायचं, समोर सिपारा, म्हणजे कुराणाच्या एका भागाची पोथी, उघडायचा आणि मौलवींच्या सुरात सूर मिसळून डुलत डुलत वाचायचं. अर्थ विचारायचा नाही. मौलवींना तो विचारलेला आवडत नसे, कारण बहुधा त्यांनाही तो फारसा येत नसावा. आणखी एक शिस्त होती. अरबी अक्षरांचा कागद जमिनीवर दिसला की उचलायचा, फुंकर मारून डोळ्यांना लावायचा आणि कुणाचा पाय लागणार नाही अशा उंच जागी ठेवायचा. त्यावर काय लिहिलंय याची चौकशी करायची नाही. याच सवयीपायी मी सौदीत एकदा पुरता गोत्यात आलो.

कुवेतच्या सरहद्दीकडच्या हफ्र अल बातिन गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून आमचं वर्कशॉप होतं. मी वेल्डर. टँकरच्या टाक्या, फाटकं, ट्रकच्या चासी, जे येईल ते जोडायचं. इराकने कुवेत घेतलं आणि बघता बघता आमच्या कॅम्पातल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. साताऱ्याचे फिटर गेले, रायगडचे सुतार गेले. रस्त्यावरून दिवसभर फौजेच्या गाड्या जायच्या आणि त्यांच्या धुळीत आमचं दुकान दिसेनासं व्हायचं. मीही गेलो असतो. पण कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या दुकानमालकाने, मला शब्द दिला होता. तू थांबलास, काम बंद पडू दिलं नाहीस, तर तुझ्या बायकोला आणायच्या कागदावर मी सही करीन.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम दोन महिने आम्ही एका छपराखाली राहिलो होतो. बायकोची पत्रं यायची. सुरुवातीला त्यांत आंब्याचा मोहोर, मासळी, आजारपणं असं सगळं असायचं. लढाईच्या बातम्या सुरू झाल्यावर आलेल्या पत्रात दोनच ओळी होत्या. ‘तुमी या, नायतर मला न्या. दोनातलं एक करा, पन आता करा.’ ते पत्र मी खिशात घालून वेल्डिंग करायचो. ठिणगीने त्याला एक भोकही पडलं होतं. मला घरी पळून जायचं नव्हतं, तिला इथे आणायचं होतं. माझी सगळी हिंमत त्या एका सहीवर टिकून होती.

कफीलचे वडील रोज दुकानात येऊन बसायचे. तिकडे म्हाताऱ्या माणसाला शेबा म्हणतात, आम्हीही त्यांना शेबाच म्हणायचो. तोंडावर मात्र मी चाचा म्हणत असे आणि ते मला सदीक म्हणजे दोस्त म्हणत. तरुणपण त्यांनी उंटांमागे काढलेलं. शाळा पाहिलेली नाही, स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पण रेडिओ कानाला लावलेला असायचा, त्यामुळे जगाची खडान्खडा खबर त्यांना असे.

त्या थंडीत त्यांच्या मळ्यावर खोकडं यायला लागली. खोकड म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्याहून लहान, मांजराहून थोडं मोठं. कान केवढाले, आणि थंडीत अंगावर असा दाट मऊ केसांचा थर की हात फिरवावासा वाटावा. वाळवंटात रणगाडे फिरायला लागले आणि बिचारी वस्तीकडे सरकली. शेबांच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा झाल्या.

“सदीक, चाप बनव,” शेबा म्हणाले. मग दोन्ही तळवे समोरासमोर धरून खाडकन मिटून दाखवले. “कोंबड्याही वाचतील आणि माझ्या फरव्याला कॉलरही होईल.” फरवा म्हणजे त्यांचा मेंढीच्या कातड्याचा हिवाळी झगा. त्याची कॉलर झिजून गेली होती हे खरं.

मी भंगारातल्या ट्रकच्या कमानीचे पाटे कापले आणि सहा चाप केले. जबड्याला दाते पाडले. खोटं कशाला बोलू, मला ते करताना मजा आली. एक चाप लाकडाच्या दांड्यावर मिटवून पाहिला तर दांड्याचे दोन तुकडे! मी खूश, शेबा खूश. कफील गंमत बघत उभा होता, तोही हसला.

त्याच आठवड्यात वावटळ आली आणि कुठल्याशा भिंतीवरून सुटलेला एक छापील कागद आमच्या दारात येऊन पडला. वर मोठी अरबी अक्षरं, खाली ओळीच ओळी. मी हातमोजे काढले, कागद उचलला, झटकला, डोळ्यांना लावला आणि वेल्डिंगच्या टेबलामागच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक नटही ठेवला. त्या टेबलावर तेव्हा शेवटचा चाप घासायचा राहिला होता. तो मी त्या कागदाखालीच बसून घासला.

पुढे काय झालं, तर शेजारच्या मळेवाल्याचा शिकारी कुत्रा आमच्या चापात सापडला. पाय मोडला नाही, पण सोलून निघाला. मळेवाल्याने चाप पोत्यात घातला आणि तक्रार केली. दोन दिवसांनी, दुपारी, रानटी जनावरं जपणाऱ्या खात्याचे एक साहेब जीपमधून उतरले. इस्त्रीचा पांढरा झगा, हातात तेच पोतं. त्या दिवसांत गावात वेल्डिंगचं एकच दुकान उघडं होतं, त्यामुळे त्यांना फार शोधावं लागलं नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बाहेर एवढी फौज चाललीय आणि हा गृहस्थ खोकडांची चौकशी करत फिरतोय! माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. साहेब म्हणाले, “लढाई संपेल. मग या वाळवंटात काहीतरी उरलेलं असायला हवं ना?” 

चाप मीच केल्याचं मी कबूल केलं. साहेबांनी विचारलं, “कायदा माहीत नव्हता?” मी म्हटलं, नव्हता. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. त्यांनी फळीवरून तो कागद काढला, नट बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर धरला.

“हा काय मग? आमचाच हुकूम आहे. तू तर जपून ठेवलायस.”

माझी पाचावर धारण बसली. रोजच्या बोलण्यातलं अरबी ऐकून ऐकून मला समजायचं, कामापुरतं बोलताही यायचं: आण, ने, उद्या, खलास. छापील सरकारी भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, “मला समजत नाही, साहेब.”

“मग ठेवलास कशाला?”

“अरबी आहे म्हणून.”

साहेबांना वाटलं मी थट्टा करतोय. त्यांचा आवाज चढला. माहीत नसताना चूक झाली तर ताकीद, आणि माहीत असून केली तर गुन्हा, असं त्यांनी सांगितलं. कफील एव्हाना आतून धावत आला होता. त्याने मला बाजूला ओढलं. “गुन्हा लिहिला गेला तर तुझ्या कागदावर मी सही केली काय आणि न केली काय, सारखंच. इकामा, इथे राहायचा परवानाही जाईल. बायकोला आणायचं विसर.” चाप कुणी करायला सांगितले हे त्याला माहीत होतं. पण बापाचं नाव तो कसा घेणार? मीही घेतलं नाही. हात आपोआप खिशातल्या पत्रावर गेला.

“वाचता येतं का तुला?” साहेबांनी एकदम विचारलं.

नाही म्हणालो असतो तर सुटलो असतो, असं आज वाटतं. पण मदरशात शिकलेल्या माणसाला ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटते. म्हटलं, “येतं.”

“मग वाच.”

मी कागद दोन्ही हातांत धरला. अरबी वाचायची माझ्याकडे एकच रीत होती. डोळे अर्धे मिटले, गळा साफ केला आणि सुरू झालो. मौलवींचा तोच सूर, तेच हेल, आणि अंग कधी डुलायला लागलं ते कळलंच नाही. सिपाऱ्यात असतात तशा जेर-जबरच्या, म्हणजे स्वरांच्या, खुणा नव्हत्या, त्या मी अंदाजाने लावत गेलो. दोन-तीन ओळींनंतर साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. कफील भिंतीकडे वळला, त्याचे खांदे हलत होते. मी दंडाच्या कलमावर सूर असा लांबवला होता म्हणे, की ऐकणाऱ्याने आमीन म्हणावं.

हसले नाहीत ते फक्त शेबा. रेडिओ बंद करून ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाचता येत होतं, समजत नव्हतं. त्यांना समजत होतं, वाचता येत नव्हतं. तो कायदा त्या दुकानात पहिल्यांदा कळला तो त्यांना, आणि माझ्या तोंडून.

“थांब, सदीक,” ते म्हणाले. मग मला कळेल अशा सोप्या बोलीत त्यांनी एकेक ओळ सांगितली. परवान्याशिवाय चाप लावायचा नाही. दातेरी जबडा तर मुळीच नाही. विहिरीजवळ, वाटेजवळ लावायचा नाही. लावलाच तर मालकाचं नाव त्यावर हवं आणि रोज जाऊन पाहायला हवं. मग काठी टेकून ते उठले आणि साहेबांसमोर उभे राहिले.

“याने जे वाचलं ते याच्या डोक्यात शिरलेलं नाही, हे तुम्ही बघितलंच. चाप मी करून घेतले. कॉलर मला हवी होती. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

त्यांना गप्प बसता आलं असतं. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. पोरासमोर, परक्या कामगारासमोर त्या वयाच्या माणसाने अशी मान खाली घालणं सोपं नसतं. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

साहेबांनी मला ताकीद दिली, दंड शेबांच्या नावावर लिहिला आणि उरलेले चाप त्याच दुपारी काढून आपल्यासमोर कापायला सांगितले. आम्ही जीपमधून मळ्यावर गेलो. चार चाप रिकामे होते. पाचव्यात खोकड होतं, जिवंत. एक पुढचा पंजा अडकलेला, बाकी अंग वाळूला चिकटलेलं. ओरडत नव्हतं, फक्त बघत होतं. मी गोणपाट त्याच्या डोक्यावर टाकलं, दोन्ही बुटांनी कमानी दाबल्या आणि जबडा उघडला. मीच इतका कडक केलेला जबडा, तो उघडायला मला अंगाचं सगळं वजन टाकावं लागलं. दांडा मोडून दाखवताना मी किती फुशारलो होतो ते आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. खोकड गोणपाटाखालून निसटलं, तीन पायांवर थोडं पळालं, मग चौथाही टेकवला आणि चार पायांवर टेकाडापलीकडे गेलं.  येताना वाटेत शेबा म्हणाले, “कोंबड्यांना जाळी मारून दे.” ती मी दुसऱ्याच दिवशी मारली.

तेव्हापासून आमचा एक नेम झाला. दुपारच्या जेवणानंतर शेबा काहीतरी छापील घेऊन यायचे. वर्तमानपत्र, औषधाची बाटली, विजेचं बिल. मी वाचायचो, ते अर्थ सांगायचे. “गाऊ नकोस रे, नुसतं वाच,” असं पहिले आठ दिवस सांगावं लागलं. हल्ल्याचे भोंगे वाजले, आम्ही विषारी वायूपासून वाचायचे मुखवटे चढवून कोपऱ्यात बसलो, भोंगे थांबले की पुढची ओळ. लढाई सुरू झाल्याचं मी त्यांना वाचून दाखवलं आणि थांबल्याचंही. एकदा मी माझा लहानपणचा सिपारा काढला. पोरवयापासून हजार वेळा वाचलेली ओळ मी वाचली आणि त्यांनी ती मला समजावून सांगितली. मी तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी हळू. 

पुढे कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा काळा धूर येऊन भर दुपारी अंधारून यायचं, तशा दिवसांत कचेऱ्या पुन्हा उघडल्या. कफीलने शब्द पाळला, सही केली. अर्ज गेला. काही आठवड्यांनी मला बोलावणं आलं तेव्हा शेबा म्हणाले, मीपण येतो. खिडकीतल्या कारकुनाने एक कागद माझ्याकडे सरकवला, “यल्ला, पुढचा,” म्हणाला आणि खिडकीतून नजर काढून घेतली. हो की नाही, काही सांगितलं नाही.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. इतके दिवस शिकूनही सरकारी भाषेतलं थोडंच कळायचं, आणि त्या वेळी तर अक्षरंच नाचत होती. शेबा म्हणाले, “वाच.”

मी वाचायला लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ, माझं नाव, बापाचं नाव, आकडे. शेबांचा चेहरा हलेना. पाचव्या-सहाव्या ओळीवर त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला अजून काही कळलं नव्हतं. मी वाचतच होतो.

“खलास,” ते म्हणाले. “पुढचं राहू दे. तिला बोलाव.”

मी कागद उलटा-सुलटा करून बघायला लागलो. ते म्हणाले, “पुन्हा एकदा वाच, सदीक. या वेळी गायलास तरी चालेल.”

मी पहिल्यापासून वाचलं, मौलवींच्या सुरात, रस्त्यावरची माणसं वळून बघेपर्यंत. मग कागद झटकला, डोळ्यांना लावला आणि बायकोच्या भोक पडलेल्या पत्राच्या घडीत ठेवला. त्यावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं.