बटाट्याचं घड्याळ

“एक घड्याळ काढा,” मी म्हणाले. “त्यात सव्वातीन वाजलेले दाखवा.”

प्रोफेसर स्कोव यांनी बटाटा काढला. चांगला ऐसपैस, एका बाजूला फुगलेला. त्यात आकडे घातले, काटे सव्वातीनला नेमके लावले आणि पेन्सिल खाली ठेवली.

“बाहेरचा गोल काढायचा होता,” मी म्हणाले.

“गोलच आहे,” ते म्हणाले. “रबराचा आहे असं समजा. जरा ताणलाय.”

गोलाचा मार्क गेला.

मी सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. म्हणजे मेंदूचे फोटो काढणारे वेगळे आणि त्या मेंदूला प्रश्न विचारत बसणारी मी वेगळी. लोकांना विसरायला होतंय, गोंधळायला होतंय, असं कुणाला वाटलं की ते माझ्यासमोर येऊन बसतात. मी त्यांना सोपी कामं देते आणि ती त्यांना जमत नाहीत तेव्हा चेहरा कोरा ठेवते. याचा पगार मिळतो.

स्कोव हे डेन्मार्कचे गणिती. इथल्याच एका युनिव्हर्सिटीत शिकवतात. त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं ते सेंगकांग उपनगरातल्या एलआरटीमुळे. ही बिनड्रायव्हरची छोटी गाडी घरांच्या मधून फेरा मारते आणि सुटली तिथेच परत येते. स्कोव तिच्यात बसून सकाळभर गोल गोल फिरत राहिले. खिडकीकडे बघत, बोटाने हवेत काहीतरी काढत. शेवटी स्टेशनवरच्या माणसाने त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून युनिव्हर्सिटीत फोन केला. तिकडे वर्गात मुलं वाट बघत होती.

विभागप्रमुख घाबरले. आमचा रिपोर्ट वाईट आला तर शिकवणं बंद, नोकरी बंद. नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा कामाचा परवानाही जातो आणि पास गेला की माणसाला इथला मुक्काम हलवावा लागतो.

पुढचं काम होतं शंभरातून सात वजा करत जायचं. “त्र्याण्णव,” स्कोव म्हणाले. मग बराच वेळ छताकडे बघितलं. “ऐंशी आणि वर काहीतरी.” मग मला म्हणाले, “हे करायलाच हवं का?”

गणिताच्या प्रोफेसरची वजाबाकी चुकली, असं मी कागदावर लिहिलं.

मग मी पाच शब्द वाचून दाखवले: कप, पाव, चष्मा, बटण, चेंडू. थोड्या वेळाने ते परत विचारायचे असतात. मधल्या वेळात मी माणसाची माहिती घेते, कारण आमच्या कामात आजचा मार्क एकटा काही सांगत नाही. माणूस आधी कसा होता ते कळायला हवं. त्याला आम्ही बेसलाइन म्हणतो. आयुष्यभर ज्याला रस्ते सापडले नाहीत तो आज चुकला, तर ती बातमी नव्हे.

स्कोव यांच्या पत्नी बिर्गिट शेजारीच बसल्या होत्या. बेसलाइन त्यांनी सांगितली.

“शाळेत हा अंकगणितात नापास झाला,” त्या म्हणाल्या. “याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी याला गल्ल्यावर बसवणंच सोडून दिलं. सुटे पैसे जास्त द्यायचा.”

“आणि गणितात कसे आले?”

“ट्यूबमुळे,” स्कोव म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. “सायकलची ट्यूब. कशीही दाबा, पिळा, मधलं भोक जात नाही. मला वाटलं, हे कुणीतरी नीट सांगायला हवं.”

त्यावर त्यांनी पंचवीस-तीस वर्षं घालवली. आधी कोपनहेगन, मग जर्मनी, मग इथे. वस्तू ताणली, दाबली तरी तिच्यातलं काय बदलत नाही, हा त्यांचा विषय. त्यांच्या हिशेबाने कप आणि मेदुवडा ही एकच वस्तू. कपाच्या कानाला एक भोक, वड्याला एक भोक. बाकी सगळी सजावट.

“आणि एलआरटी?” मी विचारलं.

“तिथे छान एसी असतो. बंद फेरा आहे. त्यात हरवता येत नाही.” मग ते हळूच म्हणाले, “डॉक्टर, माझे वडील शेवटी सायकल ओळखत नव्हते. त्यांचंही असंच सुरू झालं असेल का?”

मी डॉक्टर नाही, पण तेव्हा ते सांगवेना. मला फार वाईट वाटलं. माणूस विनोद करत होता आणि आतून घाबरून बसला होता.

“मघाचे शब्द सांगा,” मी म्हणाले.

ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “एक, शून्य, दोन, चार, शून्य.”

“शब्द हवेत, प्रोफेसर.”

“शब्द गेले. हे राहिलं.”

मी लिहिलं: पाचपैकी शून्य. असंबद्ध आकडे.

माझे बॉस डॉक्टर टान यांनी कागद चाळला. ते पक्के सिंगापुरी, त्यामुळे वाक्याच्या शेपटाला ‘लाह’ आलंच. “घड्याळ बटाटा, वजाबाकी नाही, शब्द शून्य. क्लिअर केस, लाह. त्यांचा विभागप्रमुख रोज फोन करतो. रिपोर्ट लिहून टाक.”

रविवारी सकाळी तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होते. मंदार बँकेत नोकरी करतो. बटणं तोडणं हे त्याचं घरातलं मुख्य योगदान. मी एका भोकातून सुई काढली, दुसऱ्यात घातली, आणि तशीच थांबले. बटणाला भोकं चार. समोर चहाचा कप, त्याला एक. पावाला शून्य. चेंडूला शून्य. मंदारच्या नाकावर चष्मा.

“मंदार, चष्म्याला भोकं किती?”

“काय?”

“दोन! एक, शून्य, दोन, चार, शून्य! माणसाने ओळीने सांगितलंय रे!”

“आधी ती सुई खाली ठेव,” मंदार म्हणाला.

सोमवारी मी टानसरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्वतःच्या शर्टाचं बटण वाकून पाहिलं आणि म्हणाले, “स्मार्ट. पण नियम म्हणजे नियम. शब्द नाही, मार्क नाही.”

“सर, आपण मार्क मोजतोय की आठवण?”

“उद्या कोणी येऊन शब्दांचे रंग सांगेल, त्यालाही मार्क देणार? आणि तुला आकडे जुळवून घ्यायचे होते म्हणून जुळले नसतील कशावरून?”

हा मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तोडगा निघाला: काही आठवड्यांनी त्यांना परत बोलवायचं, त्या वेळी सर स्वतः हजर राहणार. तोवर रिपोर्ट थांबवायचा. आणि मी स्कोवना माझा शोध अजिबात सांगायचा नाही.

ठरल्या दिवशी टानसर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले. स्कोव आत आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “डॉक्टर, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं.”

मी चेहरा कोरा ठेवला. सवयीचं काम.

“चष्मा. मी दोन म्हणालो. पण चष्म्याला काचा असतात. काचा असतील तर शून्य. नुसती फ्रेम असेल तरच दोन. तुम्ही कोणता ते सांगितलं नव्हतं.”

“त्याच संध्याकाळी याला शब्द आठवले. तेव्हापासून दररोज जेवताना हेच,” बिर्गिट वैतागून म्हणाल्या. “कप, पाव आणि बटणाबद्दल याला खात्री आहे. चेंडूबद्दलही. चष्म्याने माझा जीव घेतलाय.”

टानसरांनी हाताची घडी सोडली. “कप, पाव, चष्मा, बटण, चेंडू,” ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. मग स्कोवना म्हणाले, “काचांचा चष्मा, प्रोफेसर. आमच्या हॉस्पिटलात नुसती फ्रेम कोण घालतं, लाह?”

“मग माझं एक चुकलं,” स्कोव म्हणाले.

“काही हरकत नाही,” टानसर म्हणाले. “इतक्या आठवड्यांनी मला एकही शब्द आठवला नसता.”

त्यानंतर मी नवे शब्द आणि इतर चाचण्या रीतसर घेतल्या. वजाबाकी पुन्हा चुकली, पण ती शाळेपासून चुकतच होती. शब्द मात्र या वेळी शब्द म्हणूनच सांगायचे, असं आधी बजावलं. पाचही सांगितले. मागच्या वेळी शब्द ऐकायच्या आधी त्यांना कुणी हे बजावलंच नव्हतं, एवढाच घोटाळा होता. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की घसरणीची खूण नाही, दरवर्षी तपासणी करावी, आणि वर्ग असलेल्या दिवशी सकाळी एलआरटीने प्रवास टाळावा.

जाताना स्कोवनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “म्हणजे मी वडिलांसारखा नाही?”

“आज तरी नाही,” मी म्हणाले. आमच्या धंद्यात याहून मोठं आश्वासन देता येत नाही. त्यांना ते पुरलं. दारातच त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि मग स्वतःच्या चष्म्याच्या काचा.

त्यांचं शिकवणं चालू आहे, पासही आहे. वर्गाच्या दिवशी बिर्गिट त्यांना एमआरटीत, म्हणजे मोठ्या मेट्रोत, बसवून देतात. मी माझ्यापुरता एकच धडा घेतला. गणिती समोर असला की पाच शब्दांत आता मी कप ठेवत नाही, बटण ठेवत नाही, आणि चष्म्याचं तर नावही काढत नाही.