उन्हात टाकलेली घोंगडी

घोंगडीमामांच्या घरात कुणाचा ताप उतरला, हे गारखेड्यातल्या आमच्या गल्लीला विचारावं लागत नसे. कुंपणावर काळी घोंगडी दिसली की समजायचं, माणूस बरा झाला. मामांचे वाडवडील मेंढरांमागे फिरलेले. मामा वाळूजच्या कारखान्यात मशीनवर. रान सुटलं, घोंगडी तेवढी राहिली. तापलेल्या माणसाला तिच्यात गुंडाळून घाम काढायचा आणि अंग निवलं की ती उन्हात टाकायची. "एकदा ऊन दावलं की त्या दुखण्यासाठी परत पांघरायची नाय," असा त्यांचा नेम.

नामांतराच्या दिवसांत निळा झेंडा लावलेलं आमचं एकच घर. निम्म्या गल्लीनं बोलणं टाकलेलं. त्यात आईला फ्लू झाला, आणि मामा घोंगडी घेऊन दारात. कुणीतरी हटकलं, तर म्हणाले, "माझी घोंगडी हाय. कुणाला द्यायची ते मी बघन." पण आईला बोलताना धाप लागू लागली, तशी त्यांनीच घोंगडी बाजूला सारली. "ताई, घाम लई झाला. ओठ काळे पडलेत तुमचे. आता दवाखाना." रिक्षाही त्यांनीच आणली. आई वाचली.

पुढच्या हिवाळ्यात मामाच तापानं पडले. लवकरच घोंगडी कुंपणावर आली आणि आम्ही हुश्श केलं. अंगात त्राण नसताना मामा शिफ्टच्या बसला जाऊन उभे राहिले. दोन दिवसांनी ताप परत चढला. खोकताना छाती दुखे, जिना चढताना दम लागे. मामींनी दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे. "घोंगडीला ऊन दावलंय मी. ताप गेला. ह्यो नुसता थकवा हाय."

शेवटी मामींनी त्यांना ओढतच नेलं, पण न्यूमोनिया छातीभर पसरला होता. उतरलेला ताप परत आला त्याच दिवशी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मामा घरी परतलेच नाहीत. मला त्यांचा अजून राग येतो. आमच्या आईचे ओठ दिसले त्यांना, स्वतःची धाप दिसू नये?

मामी आता थकल्यात. मागच्या महिन्यात मी तापातून उठले आणि अंगावरची चादर धुऊन कुंपणावर टाकली. मामी काठी टेकत आल्या. त्यांनी ती ओली चादर ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

"आतल्या दोरीवर टाक," त्या म्हणाल्या. "गल्लीनं बघितली की मग ताप परत आला तरी सांगायला लाजशील, बाई."