जनाबाईनं अडवलेला घास

जनाबाईला गुरुवार डोळ्यांसमोर नको झाला होता. त्या दिवशी सून दामिनीची हिंगण्याच्या कंपनीतली सुट्टी, आणि नेमकी तेव्हाच ती हिमानी यायची. हातपाय कडक असलेल्या, न बोलणाऱ्या लेकरांना शिकवायला त्यांच्या घरी जाणारी बाई! पण लेकराला ती हात कुठं लावत होती? सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि दामिनीला विचारायची, "अंकुरला भूक लागली, हे तुम्हाला कसं कळतं?"

आता सांगा! अंकुरही तसाच, तीन वर्षांचा. माय सकाळी कंपनीच्या बसनं जाणार, दिवेलागणीला येणार. लेकराचं खाणं, मालिश, हगणंमुतणं सगळं आजीनं काढायचं, आणि विचारायचं कोणाला, तर मायला!

"त्याले भूक लागूच देत नाही मी," जनाबाई ओट्यापासून ओरडली. "तोंड उघडायच्या आधीच घास तयार असते माह्या हातात."

हिमानी हसली. "आजी, दामिनीताईंना जरा आठवू द्या."

घ्या! आपल्याच घरात आपल्याला गप्प बसवलं. आणि दामिनीही मोठी शहाणी, आठवून आठवून सांगायला लागली. तो ओठ चाटतो म्हणे, मान डावीकडे वळवतो म्हणे. जनाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अर्धा जन्म नवऱ्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला, केसाएवढा धागा तुटला तरी तिच्या बोटांना कळायचा. तिला काय नातवाचे ओठ दिसत नव्हते?

दामिनी-हिमानीनं मिळून ठरवलं, पुढच्या गुरुवारी दामिनी भरवेल. घास समोर धरायचा, थांबायचं आणि अंकुर काय करतो ते पाहायचं.

"भरव बाई, भरव," जनाबाई मनात म्हणाली. पुढच्या गुरुवारी दामिनी गच्चीवर कपडे वाळू घालायला गेली, तशी जनाबाईनं दूधपोळीची वाटी अख्खी नातवाच्या पोटात घातली आणि त्याचं तोंड पदरानं पुसून टाकलं.

व्हायचं तेच झालं. हिमानी आल्यावर दामिनीनं घास धरला, अंकुरनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा धरला, त्यानं मान फिरवली. दामिनीचे डोळे भरून आले. "माह्या हातचं खातच नाही तो."

"सवय असते वं हाताची," जनाबाई म्हणाली. तिच्या काळजात गारगार वाटलं.

हिमानीनं ना समजूत घातली, ना उपाय सांगितला. एवढंच म्हणाली, "आता काय करून बघावंसं वाटतं तुम्हाला?"

दामिनीनं डोळे पुसले, विचार केला आणि टोपलीतलं संत्रं घेतलं. पोट भरलं म्हणून संत्र्याला नाही म्हणेल, असं नागपूरचं लेकरू कुठं असतं? तिनं फोड सोलली, बी काढली, त्याच्यासमोर धरली आणि थांबली.

अंकुर पाहत राहिला. जनाबाईचे हात शिवशिवायला लागले. काहून छळून राहिली ही लेकराले? ती उठणार, तेवढ्यात अंकुरची वळलेली मूठ थरथरत वर आली. ती दामिनीच्या मनगटाला लागली आणि त्याच्या घशातून आवाज निघाला, "आँ!"

दामिनी रडत हसत फोड भरवायला लागली. हिमानी वळली. "आजी, तुम्ही काय पाहिलं?"

इतके गुरुवार याच प्रश्नासाठी जनाबाई जळत होती. आता तो आला होता.

"मागतलं त्यानं," ती म्हणाली. "मायले मागतलं. मले कधीच नाही मागतलं."

"का नसेल मागितलं, काय वाटतं तुम्हाला?"

जनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मीच मागू नाही दिलं वं. आजही आधीच पोट भरून ठेवलं होतं त्याचं."

दामिनीनं चमकून सासूकडे पाहिलं. जनाबाईनं तिच्याकडे न बघताच एक फोड उचलली, नातवासमोर बसली, हात पुढं केला आणि दात आवळून थांबली.

अंकुर अजून मायकडेच पाहत होता.

"इकडं पाह्य ना रे बापू," ती म्हणाली. "तुह्यी आजी बसून हाये इथं." पण फोड तिनं त्याच्या तोंडात कोंबली नाही.